देवयानीच्या शेजारचा डाग

शफीभाई लेन्सवर फुंकर घालायचे. ओठांचा लहानसा चंबू, डोळे अर्धे मिटलेले, मान किंचित कललेली, आणि रिकाम्या रांजणात वाकून श्वास सोडावा तसा एक हलका, पोकळ आवाज. क्षणभर काच धुरकट व्हायची, हरभऱ्याच्या रानावर पहाटे उतरलेलं धुकं जणू तिच्यावर येऊन बसायचं, आणि मलमलच्या तुकड्यानं ते धुकं गोल गोल पुसत ते काच दाराच्या उजेडाकडे धरायचे. डाग तिथंच असायचा. लेन्सच्या आत, काचांच्या दोन थरांमध्ये, कुठल्याशा पावसाळ्यात धरलेली बुरशी, मोहरीच्या दाण्याएवढी. बाहेरच्या फुंकरीनं आतला डाग जात नाही हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. तरी ते फुंकर घालत. आज त्यांची आठवण येते ती आधी या आवाजानं येते, चेहरा त्याच्या मागून येतो.

क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत, हेल्मेटचं आणि कुलपांचं अशा दोन दुकानांच्या मध्ये त्यांचा स्टुडिओ होता. तीन पायऱ्या चढून आत गेलं की चौकातला गोंगाट पाण्याखाली गेल्यासारखा मंद व्हायचा. एक निळा पडदा, एक पांढरा पडदा, छत्र्या लावलेले दोन दिवे, गोल स्टूल, आणि आरशापाशी दोरीनं बांधलेला कंगवा. पासपोर्टसाठी, बसच्या पाससाठी, स्थळाला पाठवण्यासाठी, पेन्शनच्या कागदासाठी शहरातले किती चेहरे त्या स्टुलावर एका क्षणापुरते स्थिर झाले असतील, त्याचा हिशोब त्या पडद्यांनाच माहीत. शफीभाईंचे वडील निगेटिव्हवर टोकदार शिसपेन्सिलीनं काम करत; देवीचे व्रण, मुरमं, डोळ्यांखाली साचलेली वर्षं, सारं अलगद भरून काढत. पुढं पेन्सिलीच्या जागी माउस आला, पण हात तोच राहिला. "डाग तेवढा साफ करतो," असं शफीभाई विचारल्यासारखं म्हणायचे, आणि उत्तर येण्याआधी डाग गेलेला असायचा. ती त्यांच्या घराण्याची रीत होती आणि त्या रीतीत एक माया होती: माणूस आपल्या दारातून जाताना आला त्याहून थोडा सुंदर होऊन जावा.

आमची ओळख अशाच एका डागावरून झाली. माझे वडील लासूर स्टेशनच्या धान्याच्या मोंढ्यात हमाल होते. ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो निघाला, हमालीच्या ओळखपत्रावरचा, नखाएवढा. तो मी मोठा करायला शफीभाईंकडे दिला. त्यांनी तो इतका सुरेख करून दिला की मला गहिवरून आलं. गावी जाऊन फ्रेम आईच्या हातात ठेवली. तिनं ती दाराच्या उजेडाकडं धरली.

"ह्यो कोन बाप्या आनलास?"

"बाबाच आहेत की, आई."

"व्हय? मंग भुवईवरचा वण कुठं गेला? पोत्याचा आकडा लागला हुता तवा म्या सोता हळद दाबलीया त्याच्यात. हे न्ये परत. ह्ये कुनी सायब दिसतंय."

शफीभाईंनी हे ऐकून दोन्ही कानांच्या पाळ्या धरल्या. "गलती हो गई सर. अक्कांना सांगा, उद्या परत देतो." फोटो परत देतो असं नव्हे, वण परत देतो. दुसऱ्या दिवशी भुवईवरची ती तिरकी, पांढरट रेघ आपल्या जागी आली आणि वडील घरी आले.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. जे शिकलो ते पुष्कळांच्या हातांनी शिकलो: स्वतःची पुस्तकं वाचायला देणारे गुरुजी, शिष्यवृत्ती, वसतिगृहातलं दोन वेळचं ताट, प्रत्येक परीक्षेआधी भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोपुढं आईनं लावलेली मेणबत्ती. त्या साऱ्यांचा मी ऋणी आहे, आणि हे मी शोभेसाठी लिहीत नाही. पण ज्याला सगळं कुणीतरी ओंजळीत घालून दिलेलं असतं, त्याच्या मनाच्या तळाशी एक भीती असते, की या ओंजळीत आपलं स्वतःचं असं काय आहे? त्या भीतीचंच पुढं काय होतं हे मला शफीभाईंनी, नकळत, दाखवलं.

मी इथल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. एकदा ओळखपत्राच्या फोटोंसाठी थांबलो असताना त्यांनी सहज विचारलं, ताऱ्यांच्या पलीकडं काय असतं? मी खुललो. आपली आकाशगंगा, तिच्यासारख्याच दूरच्या दीर्घिका, त्यांतली आपल्याला सगळ्यांत ओळखीची मोठी देवयानी. अब्जावधी सूर्यांचा तो समूह अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनी धुराच्या पुंजक्यासारखा दिसतो, असं सगळं सांगून टाकलं. ते कात्रीनं फोटोंच्या कडा कापता कापता थांबले होते.

"तुम्ही पाहिली, सर?"

"हो," मी म्हणालो.

मी पाहिली नव्हती. अकरा वर्षं मी ती खडूनं फळ्यावर काढत होतो. तिचा व्यास सांगत होतो, तिचं अंतर सांगत होतो, तिच्या दोन छोट्या सोबतिणी काढत होतो, एक ताऱ्यासारखी टपोरी आणि एक धुरकट, फिकी. मान वर करून तिला शोधायचं मात्र कधी सुचलं नव्हतं. प्रश्नपत्रिकेत ते येत नव्हतं.

शफीभाईंनी त्या एका संध्याकाळच्या बोलण्यावर दोन वर्षं घातली. त्यांच्याकडं दुर्बीण नव्हती. लग्नांत झिजलेला साधा कॅमेरा, ज्याच्या बटणांवरची अक्षरं अंगठ्यानं पुसली गेली होती. प्लॅस्टिकच्या अंगाची, बाजारात सगळ्यांत स्वस्त मिळणारी ती बुरशीची लेन्स. आणि एक पाय चिंधीनं बांधलेला ट्रायपॉड. आकाश फिरतं, म्हणून काच फार वेळ उघडी ठेवता येत नाही, तारे लांबट होतात. तेव्हा चार-चार सेकंदांचे शेकडो फोटो काढायचे आणि मग संगणकावर ते एकावर एक रचायचे, म्हणजे प्रत्येकातला कणभर उजेड साचत साचत चित्र होतं. हे त्यांना कुणी शिकवलं नाही. मोबाइलवर परक्या भाषांतले व्हिडिओ आवाज बंद करून, नुसते हात बघत बघत त्यांनी ते उचललं. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी जायचो तेव्हा पडद्यावर काळेभोर चौकोन असायचे आणि त्यांच्यावर झुकलेली ती पाठ. तारा नीट गोल आला की मांडीवर थाप मारायचे, लग्नातल्या नवरदेवानं नेमका हसरा चेहरा दिला तेव्हा मारावी तशीच.

शहराच्या उजेडात काही येईना. दौलताबादच्या पुढं जाऊन पाहिलं, तिथंही रस्त्याचे दिवे. शेवटी लासूरच्या आमच्या कोरडवाहू रानाचं मीच सुचवलं. मार्गशीर्षातली अवस होती; साडेसात वाजले असतील. थंडीनं हरभऱ्याला आंबूस वास सुटला होता. आई भाकरी घेऊन आली आणि बांधावर गोधडी टाकून बसली. शफीभाईंनी अंधारात हात उंचावून तिला वाट दाखवली, या ताऱ्यावरून त्या ताऱ्यावर, तिथून थोडं वर.

"ते व्हय? धुरावानी?" आई म्हणाली. "आता गं बया. ते तर मला कवाधरनं दिसतंया. खळ्यावर निजायचो तवाबी हुतं. त्याला नाव हाय?"

"हौ अक्का. देवयानी."

"लई लांब असंल."

"ते सर सांगतील."

मी सांगितलं, की तिथला उजेड इथवर यायला पंचवीस लाख वर्षं लागतात. आईनं पदर कानांवर ओढून घेतला. मग म्हणाली, "येवढ्या लांबून आलं बिचारं, आन् तुला रं कदी दिसलं?"

शफीभाई खो खो हसले. मीही हसलो. आणि त्या हसण्याच्या आडोशानं मी वर पाहत राहिलो, कारण मला अजूनही काही दिसत नव्हतं. सरळ रोखून पाहिलं की तिथं नुसता काळोख. कंटाळून नजर जरा बाजूला सरकली, तेव्हा डोळ्याच्या कडेला तो फिका, लांबट उजेड उमटला. माझ्याच रानावर, माझ्याच आईच्या डोक्यावर, माझं सारं बालपण तो तिथं होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण बाजूला कॅमेऱ्याची झडप चार-चार सेकंदांनी उघडमीट करत होती, खट् आणि खट्, आणि प्रत्येक आवाजागणिक काहीतरी माझ्याकडून निघून त्यांच्याकडं जमा होत होतं.

हेव्याला रंग असतो असं म्हणतात. मला तो चवीसारखा वाटतो, जिभेच्या मुळाशी तुरट, कच्च्या बोरासारखा. मी त्यांचं कौतुक करायचो आणि ते खरंही असायचं, तरी घरी परतताना ती तुरट चव गिळावी लागायची. दहावी नापास झालेला एक माणूस. आणि मी, जो त्या आकाशाच्या नावावर पगार घेतो. मला दिलं गेलं होतं. ते स्वतः जाऊन घेऊन आले होते. त्याआधी दिवाळीच्या सुटीत मीही गुपचूप मोबाइल आकाशाकडं धरून पाहिला. आला तो घरासमोरच्या दिव्याचा पिवळा ओघळ.

काही दिवसांनी त्यांनी सगळे फोटो रचून झालेलं चित्र पडद्यावर दाखवलं. काळ्या मखमलीवर कुणी राखेचं बोट ओढावं तशी तिरपी देवयानी, मधोमध उबदार, कडांना विरत गेलेली. तिच्या अंगाला चिकटून ती ताऱ्यासारखी सोबतीण होती, आणि दुसऱ्या बाजूला, थोडी दूर, ती धुरकट, फिकी, जेमतेम असलेली. फळ्यावर तेरा वर्षं काढलेली आकृती माझ्या डोळ्यांसमोर स्वतःच्या उजेडानं उभी होती.

आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान प्रदर्शनात ते चित्र मोठं करून लावायचं ठरलं. खाली नाव असणार होतं, छायाचित्रकार म्हणून. तीस-पस्तीस वर्षं शहराचे चेहरे काढणाऱ्या त्या माणसाचं नाव पहिल्यांदाच एखाद्या फोटोखाली येणार होतं. छापायला देण्याआधी त्यांनी मला बोलावलं. "सर, एकदा तुम्ही बघा. मी अनपढ आदमी. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा, तुम्ही ठीक म्हणालात की फ्रेमला टाकतो."

मी पाहिलं. सगळं होतं, फक्त ती धुरकट सोबतीण नव्हती. तिच्या जागी स्वच्छ, नितळ काळोख होता.

काय झालं ते मला तत्काळ कळलं. लेन्समधल्या बुरशीचा डाग फोटोत उतरलाय असं त्यांना वाटलं होतं, आणि हातानं आपलं पिढीजात काम केलं होतं. मुलीच्या गालावरचा तीळ पुसावा, माझ्या वडिलांचा वण पुसावा, तितक्याच मायेनं त्यांनी कोट्यवधी ताऱ्यांची एक दीर्घिका साफ केली होती.

एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण त्या क्षणी मला एक गोड, थंड असं सुख झालं: अखेर काहीतरी होतं जे मला दिसत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. ते सुख मला इतक्या लवकर संपवायचं नव्हतं.

"छान आहे," मी म्हणालो.

प्रदर्शनाच्या सकाळी शफीभाई इस्त्रीचा पांढरा कुर्ता घालून आले. चित्रासमोर उभे न राहता ते खांबाच्या आड उभे होते, आणि बघणाऱ्यांचे चेहरे बघत होते, आयुष्यभराची सवय. पाहुणे म्हणून आलेले एक वयस्कर, निवृत्त प्राध्यापक चित्रापाशी थबकले. चष्मा काढून जवळ गेले. साध्या कॅमेऱ्यावर हे केलंय हे कळल्यावर दोनदा "अप्रतिम" म्हणाले. मग त्यांचं बोट त्या नितळ काळोखावर थांबलं.

"पण इथली छोटी दीर्घिका कुठं गेली?"

मागून कुणी पोरगं हसलं. "नेटवरनं घेतला असंल, आन् वरतून पुसला."

शफीभाई खांबाआडून पुढं आले. "कसली दीर्घिका, सर?" त्यांनी विचारलं. प्राध्यापकांनी शांतपणे समजावून सांगितलं. पांढऱ्या कुर्त्यातला तो चेहरा मी पाहत होतो. आधी त्यावर काहीच नव्हतं. मग हळूहळू, रसायनात बुडवलेल्या कागदावर चित्र वर यावं तसं, सारं वर आलं. "मी पुसली ती," ते म्हणाले. "डाग समजून साफ केली." आणि माझ्याकडं वळले. त्या वळण्यात आरोप नव्हता, आधार शोधणं होतं. "सर, तुम्ही बघितला होता ना? तुम्हाला दिसलं नाही?"

"नाही," मी म्हणालो. "माझ्याही लक्षात आलं नाही."

समोरच्या बाकापाशी माझ्या वर्गातली एक मुलगी उभी होती. गेल्याच आठवड्यात मी फळ्यावर दोन्ही सोबतिणी काढल्या होत्या आणि तिनं त्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर खाली घेतली. त्या एका शब्दासाठी मी काय दिलं ते मला तिच्या खाली गेलेल्या मानेत दिसलं. जे एकमेव माझं होतं, गुरुजींच्या पुस्तकांनी आणि आईच्या मेणबत्त्यांनी मिळालेलं ते ज्ञान, ते मी स्वतःच्या तोंडानं नाकारलं होतं. पाहिलं नव्हतं तेव्हा हो म्हणालो. पाहिलं तेव्हा नाही.

दुपारी शफीभाईंनी फ्रेम स्वतः उतरवली, वर्तमानपत्रात गुंडाळली, दोरी बांधली आणि रिक्षात मांडीवर धरून नेली.

तीन दिवस मी ती गल्ली टाळली. चौथ्या दिवशी तीन पायऱ्या चढलो. ते पडद्यासमोरच होते. मूळचे शेकडो फोटो एकामागून एक झरझर पुढं नेत होते, त्यामुळं आकाश पडद्यावरून खरंच सरकताना दिसत होतं.

"या सर, हे बघा," त्यांनी मान न वळवता म्हटलं, जणू मी रोज येतच होतो. "लेन्सचा डाग असता तर एका जागी बसून राहिला असता. काचेवरचं काचेवर राहतं. हे बघा, हा चालतोय. ताऱ्यांसंगं चालतोय. म्हणजे आकाशातला आहे. येवढी साधी गोष्ट, माझ्या ध्यानात आली नाही बघा."

"शफीभाई, मला माहीत होतं."

माउसवरचं बोट थांबलं. चौकातला एक लांब हॉर्न आत आला आणि विरला.

"मालूम था," ते म्हणाले. "तीस वर्षं चेहरेच बघतोय, सर. त्या दिवशी इथं 'छान आहे' म्हणालात, तेव्हाच काहीतरी दिसलं होतं तुमच्या तोंडावर. काय ते कळलं नव्हतं. कॉलेजात कळलं."

"मग तिथं बोलला का नाही?"

ते माझ्याकडं वळले. "राहू दिलं. डाग पुसायची सवय सोडतोय आता." आणि हसले, मनापासून, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या येईतो. "अक्का बरोबर बोलल्या होत्या. साफ केलं की माणूस दुसराच होतो."

त्यांनी माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. माफी मी मागितली, ती त्यांनी चहा मागवून मध्येच तोडली. महिन्याभरानं नवी प्रत महाविद्यालयात लागली, धुरकट सोबतिणीसकट, नावासकट. त्या मुलीच्या वर्गात मी आधी झाला प्रकार सांगितला, मग धडा पुढं नेला. माझी मान त्या दिवशी जेवढी खाली गेली तेवढीच नंतर हलकी झाली, पण वर फार आली नाही. ते बरंच झालं.

आता ती गल्ली तशीच आहे, तीन पायऱ्या तशाच आहेत, आत मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. शफीभाई हैदराबादला मुलीकडं गेले. तिथं रात्रीसुद्धा आकाश संत्र्याच्या सालीसारखं दिसतं, असं पहिल्या काही फोनांत सांगत. मग फोन विरळ झाले. आमच्या भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी आहेत. एकात भुवईवरचा वण आहे, दुसऱ्यात तो फिका पुंजका. आई दोन्हींवरची धूळ एकाच पदरानं पुसते आणि म्हणते, "समदं जाग्यावर हाय."

मार्गशीर्षातल्या अवसेला मी रानात जाऊन उभा राहतो. कॅमेरा नेत नाही. मान वर करून नजर जरा बाजूला सरकवतो, आणि तो उजेड येतो. आणि त्याच्या पाठोपाठ, आता सवयीची झालेली ती तुरट चवही येते. इतक्या वर्षांनी, इतकं होऊन गेल्यावर, माणूस इथं नसताना मी त्याचा हेवा करतो. गेलेली माणसं, आलेला उजेड, वाढलेलं वय, सगळं ताऱ्यांसंगं हळूहळू पश्चिमेकडं चालत राहतं. एक ठिपका तेवढा, मी कुठंही पाहिलं तरी, आहे त्याच जागी बसून असतो, आणि मला आता ओळखता येतं की तो आकाशातला नाही.